यूआर्ट की यू-ए-आर-टी? तांत्रिक लघुरूपं मोठ्यानं वाचायची कशी

दुधना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी परभणीत डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. वर्गातले बहुतेक जण जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड भागातले, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. त्यांच्या एका अडचणीवर इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे, कारण पाठ्यपुस्तकात तिला जागाच नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला सिरियल कम्युनिकेशन विचारलं. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर पूर्ण फ्रेम काढली. रेषा आधी वर, स्टार्ट बिटला खाली, मग आठ डेटा बिट, त्यातही सगळ्यात कमी किमतीचा बिट आधी, शेवटी स्टॉप बिटला रेषा पुन्हा वर. ९६०० बॉड रेटला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो, हे गणितही कोपऱ्यात मांडलं. सरांनी विचारलं, "हे काम करणाऱ्या सर्किटचं नाव काय?" आणि ती गप्प झाली. तिनं तो शब्द पुस्तकात कितीतरी वेळा वाचला होता, वहीत लिहिला होता, पण म्हणायचा कसा ते ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं फळ्यावर UART ही चार इंग्रजी अक्षरं लिहिली आणि त्यांच्याकडं बोट दाखवलं. परीक्षक भले होते, मार्क पूर्ण दिले. नोकरीच्या मुलाखतीत समोर असाच माणूस बसेल याची खात्री कोण देणार?

आमच्या गल्लीतल्या आज्या ओटीपी, यूपीआय, केवायसी बिनचूक म्हणतात. महाडीबीटी हा शब्द बांधावर रोज ऐकू येतो. हे शब्द माणसांच्या कानावर आधी पडले, छापलेले नंतर दिसले. आमच्या पोरांचं बरोबर उलटं होतं. मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), यूआर्ट, एसिक (एकाच कामासाठी बनवलेली चिप) त्यांना आधी कागदावर भेटतात. घरात, गावात, एसटीत हे शब्द बोलणारं कुणी नसतं. आणि शिकवणारा मास्तरही फळ्यावर लिहून, बोट ठेवून "हे" म्हणून पुढं गेला, तर तो शब्द कधीच ऐकू येत नाही.

धाग्यापुरती एक सोय करू. अक्षरं सुटी म्हणायची असतील तर मधे आडवी रेघ: एस-एम-पी-एस. शब्दासारखं म्हणायचं असेल तर सलग: मॉस्फेट.

नियम विचाराल तर थोडाफार आहे. व्यंजनांच्या मधे स्वर असला आणि जीभ सहज वळली, तर शब्द होतो. रॅम, रॉम, लॅन, कॅड, स्काडा, बायोस. स्वरच नसेल तर सुटी अक्षरं म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. एस-एम-पी-एस, पी-सी-बी, एस-सी-आर. तिसरा प्रकार मुलांना सगळ्यात जास्त अडवतो: पहिलं अक्षर सुटं, पुढचा शब्द. सीमॉस, जेपेग, डीरॅम, जेफेट. इथं पहिलं अक्षर नावानिशी म्हणायचं आणि उरलेलं जोडून. हे एकदा कळलं की पोरं नवीन शब्दही बरोबर म्हणतात, हा अनुभव आहे.

पण हा नियम सगळीकडं चालत नाही. एल-ई-डी ला मधे स्वर आहे, तरी लेड कुणी म्हणत नाही. पी-आय-डी चं पिड होत नाही. आणि ए-डी-सी सुटं म्हणणारा माणूस त्याच वाक्यात डी-ए-सी ला डॅक म्हणतो. ॲनालॉगचं डिजिटल आणि डिजिटलचं ॲनालॉग, एकाच पानावरच्या या दोन जोडीदारांना वेगवेगळी वागणूक का, याचं उत्तर वापर एवढंच आहे. वापर ऐकूनच कळतो. म्हणून विनंती: तुमच्या कामाच्या ठिकाणी काय बोललं जातं ते इथं लिहा. कंपनीत, दुकानात, ऑफिसात, जिथं असाल तिथलं.

खाम

सर, चांगला विषय काढलात. वाळूजला पॅनल आणि ऑटोमेशनचं काम करतो, तिथलं सांगतो. पी-एल-सी (मशीन चालवणारा छोटा संगणक), व्ही-एफ-डी, एच-एम-आय, सी-एन-सी, व्ही-एम-सी, सगळं सुटं. स्काडा शब्द. आर-टी-डी, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, सुटं, पण त्यातला पीटी हंड्रेड हे लघुरूपच नाही. पीटी ही प्लॅटिनमची रासायनिक खूण आणि शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रोध १०० ओहम, म्हणून हंड्रेड. इतकं सांगता आलं तरी मुलाखत घेणारा खूश होतो.

एक गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसवा. कॉन्टॅक्टरवर, रिलेवर एन-ओ आणि एन-सी छापलेलं असतं. एन-ओ ला "नो" म्हणायचं नाही. नवीन मुलगा फोनवर "नो आहे" म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं कॉन्टॅक्ट नाहीच. एन-ओ म्हणजे नॉर्मली ओपन, एन-सी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, आणि नंबर बघायची सवय लावा: शेवटी ३-४ असेल तो एन-ओ, १-२ असेल तो एन-सी. तेरा-चौदा, एकवीस-बावीस. नंबर सांगितला की उच्चाराचा प्रश्नच उरत नाही.

आमच्याकडं सगळ्यात महाग पडणारा गोंधळ मात्र प्रॉक्सिमिटी सेन्सरचा, म्हणजे धातू जवळ आला की कळवणाऱ्या सेन्सरचा. त्याचे दोन प्रकार, एन-पी-एन आणि पी-एन-पी. रात्रपाळीला लाईनवरून स्टोअरला फोन जातो, मागं कॉम्प्रेसरचा आवाज चालू, आणि तीन-तीन अक्षरांच्या या दोन उलटसुलट नावांत कोणतं ऐकू आलं ते देवच जाणे. चुकीचा सेन्सर आला की तो जागेवर बसतो, धातू समोर आणला की त्याचा दिवाही लागतो, आणि पी-एल-सी चा इनपुट काही येत नाही. मग माणूस तासभर वायर तपासत बसतो. पी-एन-पी असेल तर सेन्सर लागल्यावर काळ्या वायरवर २४ व्होल्ट येतात. एन-पी-एन असेल तर काळी वायर शून्याकडं ओढली जाते. तपकिरी प्लस, निळी शून्य, ते दोघांत सारखंच. म्हणून आम्ही फोनवर नुसतं नाव घेत नाही. "पी-एन-पी, सोर्सिंग, काळ्यावर प्लस" असं तिन्ही म्हणतो. आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेतो.

पैनगंगा

वाचनखूण साठवली. डेटाबेसमधली माहिती काढायची भाषा, एस-क्यू-एल, तिचं काय? आमच्या कॉलेजात एक सर सीक्वेल म्हणतात आणि दुसरे एस-क्यू-एल म्हटलं नाही तर चिडतात.

तेरणा

मूळची धाराशिव जिल्ह्यातली, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. एस-क्यू-एल बद्दल सविस्तर लिहिते, कारण यात दोन्ही सर आपापल्या जागी बरोबर आहेत.

१९७४ मध्ये आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा मांडली तेव्हा तिचं नावच सीक्वेल होतं, सहा अक्षरी, शब्द म्हणूनच ठेवलेलं. ते नाव विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून स्वर गाळून तीन अक्षरं ठेवली. जुना उच्चार लोकांच्या तोंडी राहिला. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला माझ्या आजूबाजूचे सगळे सीक्वेल सर्व्हर म्हणतात. मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीपत्रात मात्र लिहिलंय की आमचा उच्चार माय-एस-क्यू-एल, पण तुम्ही माय सीक्वेल म्हणालात किंवा तुमच्याकडच्या पद्धतीनं म्हणालात तरी आमची हरकत नाही. चिडणाऱ्या सरांना ही ओळ जरूर दाखवा.

जी-आय-एफ या चित्राच्या फाइलच्या प्रकाराचा वाद तर जगभर आहे. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटानं तो प्रकार तयार केला. ते स्वतः जिफ म्हणायचे आणि २०१३ मध्ये वेबी पुरस्कार घेताना पडद्यावर तेच वाक्य झळकवलं. तरी गिफ म्हणणारे हटले नाहीत. त्यांचं म्हणणं, ग्राफिक्समधला ग आहे ना? हा युक्तिवाद मला टिकाऊ वाटत नाही. जेपेगमधला पी फोटोग्राफिकचा आहे, मग जेफेग म्हणणार का? लेझरमधलं ए हे अक्षर ॲम्प्लिफिकेशनचं, पण लॅझर कुणी म्हणत नाही. लघुरूप एकदा शब्द झालं की त्याचे आवाज पूर्ण रूपाला विचारून ठरत नाहीत. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण हुशार मुलं पूर्ण रूपावरून उच्चार काढायला जातात आणि तिथंच फसतात.

पी-एन-जी सुटं म्हटलेलं सगळीकडं चालतं, पण त्याच्या मूळ तांत्रिक दस्तऐवजात उच्चार "पिंग" असा दिलेला आहे. एस-सी-एस-आय ही जुन्या सर्व्हरच्या डिस्कची जोडणी, तिला स्कझी म्हणतात. अक्षरांवरून हे कुणालाच सुचणार नाही, ऐकलंच पाहिजे. यू-आर-एल सुटं. जी-यू-आय ला गुई म्हणतात, सुटंही चालतं. साटा आणि सॅटा दोन्ही ऐकते.

आस्की, म्हणजे संगणकात इंग्रजी अक्षरांना आकडे देणारं मानक, हा शब्द मात्र नीट शिकवा. ए-एस-सी-आय-आय असं पाचही अक्षरं म्हणणारी बरीच मुलं मुलाखतीत दिसतात. आस्कीवरूनच आपल्याकडं इस्की आलं. भारतीय लिप्यांसाठीचं ते मानक, भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये स्वीकारलेलं. युनिकोडमधला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. आपण हा धागा मोबाईलवर मराठीत वाचतोय त्यामागं इस्की आहे, आणि तो शब्द आपल्या मुलांना उच्चारता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

बालाघाट

मी बीडला टीव्ही, इन्व्हर्टर, शेतातल्या स्टार्टरची दुरुस्ती करतो. आमच्याकडं लघुरूपापेक्षा आकडेच जास्त चालतात. इंडक्शन शेगडीतला आय-जी-बी-टी गेला, इन्व्हर्टरचे मॉस्फेट उडाले, एवढं बोलतो. पण सामान मागवताना नंबरच लागतो. त्रिपल फाईव्ह. फोर डबल ओ सेव्हन. झेड चव्वेचाळीस.

सर, तुमच्या पोरांना एक सांगा. ७८०५ आणि ७९०५, ठरावीक व्होल्टेज देणारे आयसी. पहिला प्लस पाच व्होल्ट देतो, दुसरा मायनस पाच. दिसायला सारखे आणि पाय वेगळे. ७८०५ ला इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९०५ ला ग्राउंड आधी, मग इनपुट, मग आउटपुट. एकाच्या जागी दुसरा बसवला की बोर्ड गेला. इंग्रजीत सेव्हन्टी एट, सेव्हन्टी नाईन सांगितलं तर गर्दीत, फोनवर अर्धवट ऐकू येतं, कारण अर्धं नाव एकच. मराठीत अठ्ठ्याहत्तर झिरो पाच आणि एकोणऐंशी झिरो पाच म्हणा. कान बंद करून ऐकलं तरी चुकणार नाही. मी दुकानात असंच बोलतो आणि पुण्या-मुंबईचा होलसेलवालाही आता माझ्याशी तसंच बोलायलाय.

दुसरं, ईप्रॉम आणि ईईप्रॉम, दोन्ही मेमरीचे आयसी. एक ई जास्त, तो खाऊ नका. ईप्रॉमला वर काचेची खिडकी असती, आतलं पुसायला अल्ट्राव्हायोलेट दिवा लागतो. ईईप्रॉम विजेवरच पुसलं जातं. जुन्या कलर टीव्हीत चॅनेलची सेटिंग ठेवणारा आठ पायांचा आयसी असतो, चोवीस सी झिरो आठ, तो ईईप्रॉम. आम्ही त्याला सरळ मेमरी आयसी म्हणतो. पोरगं "ईप्रॉम द्या" म्हणत आलं की मी विचारतो, खिडकीवाला की टीव्हीवाला.

मांजरा

मी लातूरची, शेवटच्या वर्षाला आहे. गेले काही दिवस हा धागा नुसती वाचत होते, आज लिहिते. आमच्या घरी, गावात सगळे यल, यम, यन, यस म्हणतात. माझ्याही तोंडात तेच बसलंय. एका कंपनीच्या मुलाखतीत मी यल-ई-डी म्हणाले तर समोरचे दोघे एकमेकांकडं बघून हसले. नंतरचे प्रश्न सोपे होते. करंट लिमिटिंग रेझिस्टर कसा काढायचा ते विचारलं. पाच व्होल्टातून दोन व्होल्ट एल-ई-डी वर जातात, उरले तीन, वीस मिलिअँपिअर हवे तर दीडशे ओहम, सगळं येत होतं. तोंडातून आवाज निघाला नाही.

हा उच्चार चुकीचाच आहे का? बदलायला पाहिजे का?

आसना

बेटा, मी नांदेडला दूरसंचार खात्यात आयुष्य काढलं, सगळं आयुष्य फोनवर अक्षरं सांगण्यात आणि ऐकण्यात गेलं. तुला नीट उत्तर देतो.

आपल्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ए हा ये होतो. आपण येक म्हणतो, येवढं म्हणतो. त्याच चालीनं एलचं यल, एमचं यम होतं. हा आपल्या जिभेचा नियम आहे आणि तो इमानदारीनं सगळ्या अक्षरांना सारखा लागतो. उच्चाराची परीक्षा माझ्या लेखी एकच: समोरच्याला वेगळं अक्षर ऐकू गेलं का? यल म्हटल्यानं एलचं दुसरं कुठलं अक्षर होत नाही. म्हणजे काहीही बिघडलं नाही. हसणाऱ्यांना यल-ई-डी म्हणजे काय ते पक्कं कळलं होतं, म्हणून तर ते हसू शकले.

खरी गफलत होते ती एम-एन ची, आणि बी, डी, पी, टी यांची. ही शुद्ध इंग्रजी बोलणाऱ्यांचीही होते. एक्स्चेंजमध्ये एम-डी-एफ वरची, म्हणजे सगळ्या लाईनी जोडायच्या चौकटीवरची, वायरजोडी सांगताना, ट्रंकचं नाव सांगताना आम्ही गावांची नावं लावायचो. एन नांदेड, एम माजलगाव. बी बीड, डी देगलूर, पी परभणी, टी तुळजापूर. जे जालना, जी गंगाखेड. एच हिंगोली. के कळंब, यू उदगीर. पुण्याच्या माणसाला देगलूर माहीत नसायचं, पण ड ऐकू जायचा आणि काम व्हायचं. खाम यांच्या रात्रपाळीला हे चालेल असं वाटतं: पी परभणी, एन नांदेड, पी परभणी.

आमच्या खात्यात दोन्ही प्रकार होते. एस-टी-डी, पी-सी-ओ, पी-सी-एम सुटे. सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची संस्था १९८४ ची, तिचं पहिलं अक्षर सुटं आणि पुढं डॉट. तिच्या १२८ पोर्टच्या ग्रामीण एक्स्चेंजला आम्ही रॅक्स म्हणायचो, आर-ए-एक्स कुणी म्हणत नसे. तालुक्याच्या गावातला लाईनमन, इंग्रजी न शिकलेला, तोही रॅक्सच म्हणायचा. साहेबांनी म्हटलेलं त्यानं ऐकलं होतं.

आणखी एक. मराठी लघुरूपांना हा त्रास जवळजवळ नसतो, कधी लक्षात आलंय का? आमचं विद्यापीठ स्वारातीम. साहित्य परिषद मसाप. महानगरपालिका मनपा. आपण अक्षर उचलतो तेव्हा त्याच्यासोबत स्वर येतोच, म्हणून शब्द आपोआप तयार होतो. इंग्रजीत नुसता सांगाडा उचलतात आणि स्वर ज्यानं त्यानं भरायचा असतो. सिडको, हडको, वाल्मी, ऑरिक ही आपल्याकडची इंग्रजी लघुरूपं जिभेवर बसली कारण ती बातम्यांत, पाटीवर देवनागरीत लिहिली गेली. कांचनवाडीच्या वाल्मीला डब्ल्यू-ए-एल-एम-आय म्हणणारा सापडणार नाही. संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरात नाइलिट ही इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान शिकवणारी संस्था आहे. त्याची इंग्रजी अक्षरं बघून नीलिट म्हणावं की नायलिट असा प्रश्न पडतो; हिंदीत नाइलिट असं लिहितात, तिथंच तो सुटतो.

दुधना (धागाकर्ता)

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. मांजरा, उत्तर तुमचं बरोबर होतं, दीडशे ओहमच. ते कुणाच्या हसण्यानं बदलत नाही.

काकांच्या शेवटच्या मुद्द्यावरून एक सुचलं. देवनागरी ही उच्चार लिहून ठेवायची सगळ्यात सोपी सोय आहे आणि ती आपण वापरतच नाही. मुलं इंग्रजी लघुरूपाखाली इंग्रजीतच पूर्ण रूप लिहितात, उच्चार कुठंच नोंदत नाहीत. समासात देवनागरीत लिहिलं की काम झालं. मराठीला तर ॅ आणि ॉ आहेत. रॅम आणि रॉम आपण काटेकोर लिहू शकतो. हिंदी पुस्तकांत रैम, रोम छापलेलं वाचून आमच्याकडं आलेली आयटीआयची मुलं तसंच म्हणतात, कारण त्यांनी जे छापलंय तेच इमानानं वाचलं. डॅक, कॅड, सीमॉस, मॉस्फेट हे मराठीत लिहिलं की वाचणाऱ्याला पर्यायच राहत नाही.

खाम

समासात लिहायची कल्पना पटली. पण सर, एकच उच्चार लिहा. सीक्वेलही चालेल, एस-क्यू-एल ही चालेल असं दोन दोन सांगितलं तर मुलाखतीत पोरगं अडखळतं. भिंतीवर एक तक्ता, एका शब्दाला एक उच्चार, विषय संपला. शॉप फ्लोअरवर असंच शिकलोय आम्ही.

तेरणा

खामदादा, इथं मी सहमत नाही. दोन उच्चार माहीत नसलेला मुलगाच जास्त अडखळतो. त्यानं एस-क्यू-एल पाठ केलंय आणि समोरच्यानं "सीक्वेल येतं का?" विचारलं, तर त्याला वाटणार ही कुठली तरी वेगळी भाषा, आणि तो नाही म्हणणार. हे मी मुलाखतीच्या टेबलावर पलीकडून पाहिलंय. मुलाला दोन वर्षं रोज वापरलेल्या गोष्टीबद्दल "नाही सर, ते केलं नाही" म्हणताना. मी प्रश्न बदलून विचारला तेव्हा त्यानं जॉइन फडाफडा लिहून दाखवले. म्हणायला एक ठेवा, पण ऐकायला दोन्ही माहीत हवेत.

खाम

हे मान्य. म्हणायला एक, ऐकायला सगळे. तक्त्यात दोन रकाने करा मग.

आणि मांजराताई, आमच्या कंपनीतले सगळ्यात चांगले मेंटेनन्सवाले यम-सी-बी आणि यच-टी म्हणतात. मशीन बंद पडली की साहेब त्यांनाच शोधत येतात. मात्र एम-सी-बी आणि एम-सी-सी-बी मधला एक सी कधी गिळू नका. घरातल्या बोर्डावरचा छोटा ब्रेकर आणि मोठ्या पॅनलचा मोल्डेड केसचा ब्रेकर, इतका फरक त्या एका सी मध्ये आहे. मागणीपत्रावर तो सुटला की येणारी वस्तू पॅनलच्या कटआउटमध्ये बसतच नाही.

मांजरा

सगळ्यांचे आभार. यल बदलायचा प्रयत्न करणार नाही, पण एल म्हणूनही बघते; दोन्ही जमलं तर वाईट काय. आम्ही मैत्रिणींनी एक सुरू केलंय. रोज एक जण डेटाशीटचं पहिलं पान मोठ्यानं वाचून ग्रुपवर आवाज टाकते, बाकीच्या ऐकतात आणि अडलेला शब्द विचारतात. काल बी-जे-टी, यू-जे-टी, ट्रायक, डायक झाले. ट्रायकला मी टी-आर-आय-ए-सी म्हणत होते, तो शब्द आहे हे इथं विचारायच्या आधीच कळलं.

दुधना (धागाकर्ता)

व्वा. हे मी वर्गातही सुरू करतो. आमच्या प्रॅक्टिकलला सामान स्टोअरच्या खिडकीवर मिळतं. आतापर्यंत मुलं चिठ्ठी सरकवायची. या सोमवारपासून चिठ्ठी बंद, तोंडानं मागायचं: एक बीसी पाचशे सत्तेचाळीस, एन-पी-एन, एक मॉस्फेट, एन चॅनेल, दोन सीमॉस गेटचे आयसी. स्टोअर सांभाळणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय की नुसतं बोट दाखवलं तर द्यायचं नाही. मावशींना सगळ्या सामानाची नावं तोंडपाठ आहेत, त्यांनी ती कधी पुस्तकात वाचलेली नाहीत. तक्ता दोन रकान्यांचा करतो, झाला की इथं टाकतो. आसनाकाकांची गावंही त्यात खाली छापणार.

बालाघाट

सर, तक्त्यात एक राहिलं. माझा तो चोवीस सी झिरो आठ ज्या दोन वायरींवर बोलतो त्याला पोरं आय-टू-सी म्हणतात. पुण्याहून आलेला एक इंजिनिअर आय-स्क्वेअर-सी म्हणत होता. कोणता लिहायचा?

तेरणा

काका, म्हणायच्या रकान्यात आय-टू-सी लिहा, ऐकायच्या रकान्यात दोन्ही. मूळ नाव इंटर-इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आय दोनदा आणि मग सी. फिलिप्सनं १९८२ मध्ये काढलं तेव्हा दोन आय चा वर्ग करून दोनचा आकडा वर छोटा छापला, म्हणून आय-स्क्वेअर-सी. साध्या कीबोर्डवर तो वरचा आकडा लिहिता येत नसल्यानं दोन खाली आला आणि आय-टू-सी झालं. ऐकायच्या रकान्यात टी-डब्ल्यू-आय पण घाला. ॲटमेलच्या मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये तेच नाव दिसतं, टू-वायर इंटरफेस. वायर त्याच दोन, एस-डी-ए आणि एस-सी-एल, आणि दोन्हींना पुलअप रेझिस्टर लागतात.